राखणेची वर्गणी नाकारली, म्हणून पालखी दारावरून पुढे गेली

वेशीवरचा

नमस्कार मंडळी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथे आमच्या तालुक्यातले बरेच जण वावरतात, स्क्रीनशॉट संध्याकाळच्या आत वाडीच्या ग्रुपवर पोचेल. उत्तर रत्नागिरीतली पन्नास-साठ उंबऱ्यांची वाडी समजा. निम्मी घरं वर्षातले दहा महिने कुलपात, माणसं दिवा-नालासोपाऱ्याला.

वाडीतल्या एका घराने माळ घातली. थोरला भाऊ गावात शेती करतो, धाकटा दिव्याला. दोघे आणि दोघांच्या बायका पंढरीच्या झाल्या. त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं, माळकरी आमच्याकडे आधीपासून आहेत. पण या दोघांनी राखणेच्या, म्हणजे गावावर संकट येऊ नये म्हणून देवाला द्यायच्या बोकडाची वर्गणी द्यायचं बंद केलं. बाकी सगळं देतात. शिमग्याची पट्टी, देवळाच्या रंगाचे पैसे, ताडपत्रीचे पैसे, कशालाच ना नाही. राखणेचे तीनशे रुपये तेवढे नको म्हणाले. तेच तीनशे देवळात तेलवातीला देतो, हवी तर पावती फाडा, असंही म्हणाले. गावकीने, म्हणजे वाडीतल्या सगळ्या घरांच्या जुन्या पंचायतीने, ऐकलं नाही. "वर्गणीत निवड नसते" असं मानकऱ्यांनी सांगितलं आणि विषय संपवला.

गेल्या शिमग्यात पालखी त्यांच्या अंगणात थांबली नाही. त्यांच्या आईने, म्हातारीने, सकाळीच अंगण सारवून रांगोळी घातली होती, ओटीचं ताट, नारळ, सगळं ओट्यावर मांडलेलं. ढोल वाजत वाजत पुढच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी निरोप फिरला: दंड भरून, गावकीपुढे नारळ ठेवून चूक कबूल करेपर्यंत त्यांना गावकीचे टोप-पराती द्यायच्या नाहीत आणि त्या घरी सुखदुःखाला कुणी जायचं नाही. ठराव कुठे लिहिलेला नाही. लिहून ठेवण्याइतकं भोळं आता कुणी राहिलेलं नाही.

हे चूक की बरोबर यावर मला चर्चा नको, चूकच आहे. माझी अडचण त्यापुढची आहे. मला गावकी हवी आहे. शेजारच्या एका वाडीत ती मोडली, तिथे आता मयताला चार माणसं जमवायला फोनाफोनी करावी लागते. आणि मानकऱ्यांची भीतीही अगदीच खोटी नाही. आज बोकड नको, उद्या कुणी म्हणेल पालखी नको, परवा पाखाडीचं (दगडी पायवाटेचं) श्रमदान नको. वेगळं वागणाऱ्याला आत ठेवायचं तर कुठवर, आणि ते ठरवायचं कुणी? मुंबई मंडळाची, म्हणजे तिकडे राहणाऱ्या वाडीकरांच्या मंडळाची, सभा गणपतीच्या आधी आहे. तिथे उठून बोलायचंय, म्हणून विचारतोय.

काजूबी

म्हातारीने माळ घातलीय का?

वेशीवरचा

नाही. बाजाराच्या दिवशी बांगडा आणते आणि मागच्या पडवीत वेगळ्या चुलीवर करते. मुलगे काही बोलत नाहीत.

काजूबी

म्हणजे घरात माळ आणि बांगडा एका छपराखाली नांदतात आणि गावकीला जमत नाही. बरं.

चाकरमानी_परळ

दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. इथे लगेच गावकी म्हणजे जुलूम असा सूर लागेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या गावात रस्त्यावर पडलेली आंब्या-फणसाची झाडं कुणी तोडली? सरकारी यंत्रणा पोचायच्या आधी गावकीची पोरं कोयते आणि करवती घेऊन उतरली होती. वीज यायला कित्येक दिवस गेले, तोवर कौलं उडालेल्या घरांतली माणसं दुसऱ्यांच्या पडवीत होती. कुणी कुणाला अर्ज केला नव्हता.

ही एकी फुकट येत नाही. अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांची, म्हणजे जमीनदारांची, जमीन कसली नाही. उपासमार सोसली. प्रत्येकाने "मला पटेल तेवढं करतो" म्हटलं असतं तर संप सहा आठवडेही टिकला नसता. तीनशे रुपये ही रक्कम नाही हो, ती हजेरी आहे. ज्याने हजेरी लावली नाही त्याच्या दारात पालखी का न्यायची? देव काय एकट्याच्या मर्जीने चालतो?

उंबरठा

चाकरमानी साहेब, त्याच २०२० च्या मे महिन्यात करोनाच्या भीतीने आपल्याच गावांनी मुंबईवरून आलेल्या आपल्याच माणसांना वेशीवर अडवलं होतं, शाळेत ठेवलं होतं. तेव्हा हजेरीपट लावलेला नव्हता का?

चाकरमानी_परळ

मी स्वतः शाळेत होतो. जेवण गावातूनच येत होतं. तेव्हा राग आला होता, आज नाही.

अ‍ॅड_निवांत

कायद्याचं आधी सांगून टाकतो, मग बाकीची चर्चा चालू द्या.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो लागू झाला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मागे जातपंचायतींविरुद्धचं आंदोलन होतं. २०१३ मध्ये नाशिकला आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच जीव घेतला आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने मूठमाती अभियान उभं केलं. रायगडातल्या गावकीच्या बहिष्कारांच्या बातम्याही त्याच सुमारास एकामागून एक येत होत्या. ठराव लिहिलेला नाही म्हणून सुटलो असं तुमच्या मानकऱ्यांना वाटत असेल तर त्यांना सांगा, व्याख्येत तोंडी कृतीही येते. अंत्यविधीला अडथळा, सार्वजनिक सोयी नाकारणं, माणसांशी व्यवहार तोडायला लावणं, सगळं त्यात बसतं.

आता यातली मेख. कायदा टोप मिळवून देईल, स्मशान मिळवून देईल. शेजारणीला ओट्यावर बसून चहा प्यायला लावू शकणार नाही. पोलीस गावात आल्यावर तर ती मुळीच येणार नाही. गुन्हा पीडिताच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने मिटवायची सोय आहे, आणि पुष्कळदा तक्रारीचा खरा उपयोग तोच होतो: समोरचा टेबलावर येतो.

आणखी एक. हा पहिला प्रयत्न नव्हता. मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६२ मध्ये तो चार विरुद्ध एक मताने रद्द झाला. धार्मिक कारणावरून सभासदाला काढता येणं हा पंथाच्या कारभाराचाच भाग आहे, असं बहुमत म्हणालं. विरोधी मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हांचं होतं. तो वाद अजून जिवंत आहे; फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांनी तो नऊ जणांच्या पीठाकडे पाठवला. तेव्हा 'वेशीवरचा' यांचा प्रश्न वाडीपुरता आहे असं समजू नका.

इतिहासाचा_उंदीर

या विषयावर पुण्याचं पंचहौद प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. १८९० साली मिशनच्या आवारात व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यात रानडे होते, टिळक होते. कुणी प्यायले, कुणी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकायचा वाद, सुरू झालं. शंकराचार्यांपर्यंत फिर्याद, चौकशी, प्रायश्चित्त. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं तरी घरच्या कार्याला भटजी मिळताना मारामार. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांकडूनच बोलणी खाल्ली.

मला रानड्यांचं वागणं फार बोचतं, पण कळतंही. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोचत असलेल्या माणसाला वाळीत टाकून त्याचं स्वतःचं काय बिघडणार होतं? त्यांच्याबरोबर अडकलेल्या लहान माणसांचं बिघडत होतं. कुणाच्या मुलीचं लग्न अडलेलं, कुणाचं वडिलांशी बोलणं बंद. बहिष्काराचा दोर असा दुसऱ्याच्या गळ्यातून जातो. या धाग्यातही तीनशे रुपये मुलांनी नाकारले आणि पालखी म्हातारीची गेली.

रानमोगरा

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मी लिहिणार होते.

गावकीत माणूस मोजत नाहीत, उंबरा मोजतात. उंबऱ्याच्या नावाने बोलतो पुरुष आणि शिक्षा भोगते बाई. माझ्या माहेरी एका घराला असंच ठेवलं होतं. घरातला पुरुष गणपतीनंतर मुंबईला निघून गेला. इथे त्याच्या बायकोला लावणीच्या सावडीत कुणी घेईना. सावड म्हणजे आळीपाळीने एकमेकींच्या शेतात राबणं. ती मोडणं म्हणजे काय ते माहीत असेल तर कळेल: पाऊस पडतोय, तरवा (भाताची रोपं) वाढून चाललाय, आणि चार खाचरं एकटीने लावायची. विहिरीवर बाया तोंडावर काही बोलत नव्हत्या. ती आली की घागर भरायची राहिली तरी उचलून चालू पडायच्या. याची तक्रार कुठल्या कलमाखाली करणार?

आणि हेही लिहिते, की नंतर ज्या दोघी रात्री मागच्या दाराने तिच्याकडे भाजी, निवग्र्या घेऊन जायच्या त्याही त्याच गावकीतल्या होत्या. त्यांचं नाव बैठकीत कधी आलं नाही, कारण बैठकीत बाया नसतातच.

सातबारा

एक भेद केल्याशिवाय ही चर्चा पुढे नेऊ नका. इथे एक माळकरी घर आणि बाकीची घरं एकाच जातीची, एकाच भावकीची. आमच्या वस्तीने जो बहिष्कार पाहिला तो घरातलं भांडण नव्हता. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला स्टार्ट समिती नेमली होती, डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्कार हे अस्पृश्यांविरुद्धचं सगळ्यात प्रभावी हत्यार म्हणून नोंदवलंय. मजुरी बंद, दुकान बंद, वाट बंद. गावाच्या जमिनीवर पोट असलेल्या माणसाला मारझोड करायचीही गरज पडत नाही.

चाकरमानी यांनी चरीचं उदाहरण दिलं, ते आवडतं उदाहरण आहे आणि मलाही अभिमान आहे त्याचा. पण तिथे एकी खोताविरुद्ध होती. वर बसलेल्याविरुद्ध बांधलेली मूठ आणि एका घराविरुद्ध साठ घरांची मूठ, या दोन्हीला एकी म्हणायचं असेल तर म्हणा. माझ्या लेखी नाही.

चाकरमानी_परळ

सातबारा, मान्य. त्या दोन गोष्टी मी एकत्र आणायला नको होत्या असं तुम्ही म्हणाल, पण माझा प्रश्न तिथेच राहतो. संप फोडणाऱ्याला चरीत काय हार घातले असते? कुठलाही समूह शेवटी कुणालातरी "तू आमच्यात नाहीस" म्हणू शकतो म्हणूनच तो समूह असतो. नाहीतर ती एसटीची रांग.

पेन्सिल्वेनियाकर

ज्या राज्यात राहतो तिथे हा प्रश्न तीनशे वर्षं जुना आहे. लँकेस्टर परगण्यात आमिश लोक आहेत, जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ, घोडागाडीवाले. त्यांचा पंथच मुळी या भांडणातून जन्मला. १६९३ साली याकोब अम्मान नावाच्या धर्मोपदेशकाचं स्वित्झर्लंडकडच्या इतर मेनोनाइटांशी वाजलं, कारण बहिष्कृत माणसाशी जेवणाचे आणि रोजचे व्यवहारही तोडावेत असं त्याचं म्हणणं होतं. बाकीचे म्हणाले, इतकं नको. तो वेगळा झाला, त्याचे अनुयायी ते आमिश. आजही बहिष्कृत माणूस घरी आला तर त्याचं ताट वेगळ्या टेबलावर मांडतात. कधी कधी तो सख्खा मुलगा असतो.

पण त्यांच्याकडे एक गोष्ट आहे जी आपल्या गावकीत नाही. बाप्तिस्मा मोठेपणी होतो, साधारण विशीच्या आसपास, आणि बहिष्कार फक्त बाप्तिस्मा घेतलेल्यावर. ज्याने तो घेतलाच नाही आणि बाहेरचं जग निवडलं, तो घरी येऊ-जाऊ शकतो, एका टेबलावर जेवतो. म्हणजे शिक्षा शपथ मोडल्याची आहे. (ती शपथ किती मोकळेपणाने घेतली जाते यावर रात्रभर भांडता येईल. आठवीपर्यंत शिकलेला, इंग्रजी दुसरी भाषा असलेला मुलगा बाहेर जाऊन करणार काय?) आपल्या गावकीत शपथ कुणी घेतली होती? नाळ पुरली की सभासद.

गोंयकार

गोव्यातनं लिहितो. आमच्याकडे गांवकरीचीच पोर्तुगीज काळात कोमुनिदाद (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी संस्था) झाली, तिचा १९०४ चा कोद, म्हणजे कायदा होता, मागाहून १९६१ चा आला. गांवकारपण बापाकडून मुलाला येतं आणि त्याबरोबर झोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे पण गांवकार नसलेले लोक बाहेरच. तेव्हा ती काही आदर्श व्यवस्था नव्हे.

पण एक बघा. पोर्तुगिजांच्या काळात गावातली अर्धी घरं ख्रिस्ती झाली, अर्धी हिंदू राहिली, असं पुष्कळ गावांत झालं. त्या काळात हिंदूंना काय सोसावं लागलं ते इथे लिहीत बसत नाही. आज मात्र अनेक कोमुनिदादींत दोन्ही धर्मांचे गांवकार एकाच वहीत आहेत. कारण देव वेगळा झाला तरी खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेताचा, बांध एकच होता. भरतीच्या वेळी मानशीची (पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारं बिघडली की खारं पाणी शेतात शिरतं, ते कुणाची फेस्त आणि कुणाची जत्रा बघत नाही. बांधाची वर्गणी चुकवलेली चालत नाही. जत्रेला कोण येतो ते ज्याचं त्याने बघावं.

काजूबी

गोंयकार, हे भारी आहे. आमच्याकडे सगळं एकाच पट्टीत घुसडतात. पट्टीच्या कागदावर "इतर" म्हणून एक ओळ असते, तिच्यात बोकडापासून बॅटरीपर्यंत सगळं.

वेशीवरचा

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काहींना खाजगी निरोप पाठवलाय. गोंयकारांच्या बांधाने माझी गाठ सुटली. सभेत काय बोलणार ते इथे मांडतो, फोडून काढा.

आमच्या गावकीत दोन वेगवेगळ्या गोष्टी एका दोरीत बांधल्या गेल्यात. पाखाडी, विहिरीचा गाळ, टोप-सतरंज्या, मयताची लाकडं आणि माणसं, आजाऱ्याला डोलीतून रस्त्यापर्यंत नेणं, हे एक. देवाचं सगळं हे दुसरं. पहिल्यात निवड नको. माळकरी असो, नास्तिक असो, उद्या कुणाच्या घरात ख्रिस्ती सून येवो, श्रमदानाला माणूस आणि वर्गणी दोन्ही द्यायची. चुकला तर पैसे वसूल करा, वाटल्यास दुप्पट करा. पण तिथेही मयत बंद करायची नाही. दुसऱ्यात पालखी आणि शिमगा सगळ्यांचा, राखण मात्र ज्याला द्यायचीय त्याची. माळकऱ्यांचे तीनशे तेलवातीला घ्यायचे. आणि देवाच्या बाबतीतली शिक्षा देवापुरती. राखण दिली नाही तर राखणेचा प्रसाद नाही, इतकंच. त्यासाठी चुलीला, तिरडीला हात लावायचा नाही.

चाकरमानी म्हणतात तसं समूहाला "तू आमच्यात नाहीस" म्हणता यायला हवं असेल, तर कशात नाहीस तेही सांगता यायला हवं. "कशातच नाहीस" एवढंच म्हणता येत असेल तर एखाद्या वर्षी ते माझ्या घरालाही म्हणतील.

चाकरमानी_परळ

कागदावर ठीक आहे. पण तुमची वाटणी आम्ही शहरात बसून करतोय. गावातल्या म्हाताऱ्याला विचारा, मयत देवाच्या कामात येते की पाखाडीच्या? गाऱ्हाणं घालून गुरवाने वाट मोकळी केल्याशिवाय आमच्याकडे तिरडी हलत नाही. राखण पण गावावर संकट येऊ नये म्हणून देतात, म्हणजे त्यांच्या हिशोबी ती बांधाची वर्गणी झाली. पुढच्या पावसात त्या वाडीत कुणाला साप चावला की बोट कुणाकडे जाईल सांगा.

वेशीवरचा

माळकऱ्यांच्या घराकडे जाईल. याला माझ्याकडे उत्तर नाही. मानकरी मनापासून तसं मानतात, ढोंग करत नाहीत, म्हणूनच तर अवघड आहे.

सातबारा

साप चावला तर तालुक्याच्या दवाखान्यात विषावरचं इंजेक्शन आहे का, हे मंडळाच्या सभेत विचारा. त्यासाठी पट्टी काढलीत तर दोन्ही भाऊ आनंदाने देतील.

अ‍ॅड_निवांत

'वेशीवरचा', दोन सूचना. "गावकीपुढे नारळ ठेवून चूक कबूल" हे कलम वाटाघाटीत कुठल्याही रूपात ठेवू नका. उद्या प्रकरण पोलिसांत गेलं तर तेच तुमच्या मानकऱ्यांच्या अंगावर येईल, आणि ते दोघे भाऊ तर ते करणारच नाहीत. दुसरं, गावातल्या गावकीला कायद्याच्या लेखी अस्तित्व नाही, पण तुमचं मुंबई मंडळ नोंदणीकृत असणार. टोप-सतरंज्या मंडळाच्या पैशातून घेतल्या असतील तर त्या कुणाला द्यायच्या ते मंडळाचे सभासद ठरवतील, मानकरी नव्हे. आधी पावत्या शोधा.

वेशीवरचा

पावत्या मंडळाच्या नावावर आहेत. खजिनदाराकडून फोटो मागवलेत.

काजूबी

मग टोप तरी सुटले.

रानमोगरा

सभेला बाया असतात का? तुमच्या मंडळाच्या घटनेत काय लिहिलंय?

वेशीवरचा

काढून पाहिली. "वाडीतील अठरा वर्षांवरील व्यक्ती सभासद होऊ शकेल" एवढंच आहे. पुरुष असं कुठेच नाही. इतक्या वर्षांत एकीनेही पावती फाडलेली नाही, आणि आम्हीही कधी पावतीपुस्तक त्यांच्यापुढे धरलेलं नाही. धाकट्या भावाची बायको दिव्यालाच असते. तिला आज फोन केला. आधी हसली, मग सभा कुठल्या स्टेशनाजवळ आहे ते विचारलं आणि म्हणाली, थोरल्या जावेचीही पावती फाडा, ती गणपतीच्या आधी येणारच आहे.